रेडिओची लेक

वाटेतली दोन-चार दुकानं सोडून लोक केस कापायला त्याच्याकडे यायचे, ते काही नुसते कात्रीसाठी नाही. कात्री बरी चालायची, पण जीभ त्याहून झकास चालायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं की याचं सुरू. बेकरीवाल्याने अचानक मिशी का काढली, वरच्या मजल्यावरचं भांडण मिटलं की नुसतं निजलंय, आणि ज्याचं डोकं हातात आहे त्याच्या सासऱ्याचा गुडघा आता कसा आहे. सगळी गल्ली त्याला रेडिओ म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. "बोलणाऱ्याची बोरं खपतात," तो म्हणायचा, "न बोलणाऱ्याचे आंबे टोपलीतच सडतात."

हा रेडिओ स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडला की बंद व्हायचा.

बायको दवाखान्यात नर्स होती. तिची दुपारची पाळी, घरी यायला रात्र व्हायची. त्यामुळे संध्याकाळी दुकान भागीदारावर सोडून लेकीला बालवाडीतून आणायचं, खाऊ घालायचं आणि आई येईपर्यंत सांभाळायचं, हे त्याच्याकडे होतं. लेक चार वर्षांची. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून त्याने तिला मुंगी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मुंगीला तो न चुकता आणायचा, हातपाय धुवून द्यायचा, अंडं उकडून द्यायचा. मग मोबाइल तिच्या हातात ठेवायचा, स्वतः भिंतीला टेकून पाय पसरायचा आणि डोळे मिटायचा. दिवसभर उभं राहून पायांचे गोळे झालेले असायचे आणि बोलून घसा कोरडा पडलेला असायचा. मुंगी काही विचारायला लागली की तो डोळे न उघडता म्हणायचा, "बोलू नको गं राणी. बाबा दमलाय. बघ, ते बघ." मुंगी बघायची. गुणी पोर होती.

बालवाडीच्या बाईंनी आधी तिचे कान तपासून घ्यायला सांगितले होते. मुंगी हवी ती वस्तू बोटाने दाखवायची, "ते" नाहीतर "हे" म्हणायची आणि गप्प राहायची. कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. रेडिओने ही बातमी दुकानात येईल त्याला ऐकवली. "पोरीला सगळं ऐकू येतं. फक्त बापासारखी वायफळ बोलत नाही एवढंच." गिऱ्हाइकं हसली.

मग बालवाडीत पालकांना बोलावण्याचा दिवस आला. मुलं नेहमीसारखी खेळणार आणि पालकांनी भिंतीकडेला बसून पाहायचं. बसायला पोरांच्याच खुर्च्या होत्या, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते. बायकोला सुट्टी मिळाली नव्हती. रेडिओच्या शेजारी त्याचंच एक नेहमीचं गिऱ्हाईक बसलं होतं, एक ट्रकवाला. त्याचा मुलगा मुंगीच्याच वर्गात होता.

मुंगी घरघर खेळायच्या कोपऱ्यात गेली. तिने कापडी बाहुली उचलली, तिला चटईवर नीट बसवलं, तिच्या मांडीवर एक लाकडी ठोकळा ठेवला आणि बाहुलीची मान धरून त्या ठोकळ्याकडे वाकवली.

"घे," ती स्पष्ट म्हणाली. "बघ. बोलू नको. बाबा दमलाय."

मग ती कपाटाला टेकून बसली, पाय पसरले आणि डोळे मिटले. एक मुलगा खेळातला कप घेऊन आला आणि चहा हवा का म्हणून विचारू लागला, तेव्हा डोळे न उघडता तिने हात झटकला. "श्श्! डोकं दुखतंय."

भिंतीकडेला हशा पिकला. एवढी सलग वाक्यं मुंगीच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. ट्रकवाल्याने रेडिओच्या पाठीत थाप मारली. "अरे रेडिओ, ही नक्कल कुणाची रे? तुझी तर नक्कीच नाही!"

रेडिओची कानशिलं तापली. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि ज्या जिभेवर त्याचं दुकान चालायचं, ती त्या क्षणी त्याच्याआधीच पुढे धावली.

"आईची असेल," तो हसत म्हणाला. "पाळी करून येते ना, दमते बिचारी."

पुन्हा हसू. विषय संपला. मात्र मुंगीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे. "बाबा दमलाय" असं ती म्हणाली होती, ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण हशात कुणाच्या ध्यानात राहिलं नसावं. बाईंच्या मात्र राहिलं होतं. त्यांची नजर त्याच्यावरून क्षणभर फिरली आणि त्याने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. नाडी सुटलेली नव्हती.

पालक पांगल्यावर बाईंनी त्याला थांबवलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून तो दाराच्या चौकटीत अंग चोरून उभा राहिला. पण त्या खोट्याबद्दल बाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

"घरी गेल्यावर काय काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो बाई. घरचीच कामं. कपडे, भांडी, बटाटे सोलणं."

"मग झालं तर. तेच तिला सोबत घेऊन करा. तिला शिकवायला वगैरे बसू नका. कपड्यांच्या घड्या करताना दोन बोला, तिला काही विचारा."

"एवढंच?" रेडिओला हायसं वाटलं. "बोलणं तर माझं कामच आहे!"

बाई हसल्या. "विचारल्यावर मात्र थांबा. तिला वेळ लागेल."

हे शेवटचं वाक्य त्याने ऐकलं, पण कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल फळीवर ठेवून तो मुंगीला घेऊन स्वयंपाकघरात बसला आणि सुरू झाला. हा बटाटा, हा मातीत होतो, ही त्याची साल, सुरी अशी धरायची, बोट कापायचं नाही, माझ्या दुकानात एकाने एकदा बोट कापून घेतलं होतं, आता पाणी उकळेल, बघ बुडबुडे आले, का येतात सांग, सांग ना, अगं वाफ होते म्हणून येतात. भात होईपर्यंत त्याने श्वास म्हणून घेतला नाही. मुंगीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हळूहळू दोन्ही कानांवर हात ठेवले. शेवटी ती उठली, स्टुलावर चढून तिने फळीवरचा मोबाइल काढला आणि त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

"घे, बाबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "बघ."

तो हसायला गेला, पण हसू ओठातच विरलं. लेक त्याला गप्प बसवत होती, आणि तेही त्यानेच शिकवलेल्या युक्तीने. बटाट्याची सालं गोळा करताना त्याला तिच्याकडे वर बघवेना. आपण बोलतो, बोलतो म्हणून गावभर मिरवलो, पण खुर्चीतल्या माणसाला तरी कधी बोलू दिलं का आपण? गळ्याभोवती कापड आणि मानेजवळ वस्तरा असताना कोण मधे बोलणार!

मग तो थांबायला शिकू लागला. हे काम त्याला फार जड गेलं. विचारायचा, "हा शर्ट कुणाचा?" आणि ओठ आवळून बसायचा. मुंगी शर्टाकडे बघायची, खिडकीकडे बघायची, पायाचं बोट चाचपायची. उत्तर त्याच्या जिभेवर येऊन नाचायचं. तो गालाला आतून चावायचा. आणि केव्हातरी, त्याने आशा सोडल्यावर, बारीक आवाज यायचा, "आईचा. दवाखान्यातला. औषधाचा वास येतो." त्याने शर्ट नाकाला लावला. खरंच येत होता. एवढी वर्षं तो शर्ट त्याने वाळत घातला होता, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

असे काही आठवडे गेले. ताटं मांडताना ती मोजायची, तीनवरून एकदम पाचावर उडी मारायची, आणि तो चूक न काढता पुन्हा सोबत मोजायचा. बाजारात जाताना दुकानांच्या पाट्यांवर ती तिच्या नावातला "मुं" शोधायची. सापडला नाही की रुसायची.

एकदा दोघं मोजे जुळवत बसले होते. सगळ्या जोड्या लागल्या आणि एक निळा मोजा उरला.

"याचा जोडीदार कुठे गेला गं?" त्याने विचारलं आणि सवयीने गाल चावून धरला.

मुंगीने मोजा मांडीवर घेतला. बराच वेळ कुरवाळला. "तो शाळेत आहे," ती म्हणाली. "सगळे घरी गेले. त्याला न्यायला कोणी आलं नाही. तो पायरीवर बसलाय. रडत नाही."

रेडिओने जुळवलेली एक जोडी उगाच सोडून पुन्हा जुळवली. दुकानात गप्पांना रंग चढला की त्याचा पाय निघत नसे, आणि बालवाडीची आया फाटकाशी मुंगीला घेऊन ताटकळत असे. कितीदा? त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पोर रडत नाही ना, मग तिला काय त्याचं, असं त्याला वाटायचं.

"उद्या त्याचा बाबा वेळेवर येईल," तो कसाबसा म्हणाला.

"त्याचा बाबा गप्पा मारतो," मुंगीने सरळ सांगितलं, आणि मोजा बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात दुसरा घाव बसला. बायको कामावरून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली. मुंगी झोपली होती.

"अहो, ट्रकवाल्याची बायको भेटली दवाखान्यात. बालवाडीत मुंगीने माझी नक्कल केली म्हणे. पोरीला मोबाइल देऊन गप्प बसवते ती मी. खरं का?"

त्याने मान खाली घातली.

"संध्याकाळी मी घरात असते तरी का हो?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच त्याला जास्त लागलं. "चार बायकांसमोर ती मला म्हणाली, एवढं दमायचं नसतं गं, पोरीकडे बघावं. आणि मी खरं काय ते माहीत नसताना मान डोलावून आले."

"लोक हसत होते," तो म्हणाला. "माझ्या तोंडून निघून गेलं."

"तुमच्या तोंडून दिवसभर निघतच असतं. ते निस्तरायला मी कुठे कुठे फिरू?"

ती आत गेली. त्याने जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते त्याला त्या रात्री कळलं. पोरीची वर्षं गेली ती गेलीच, वर त्याचं खापर त्याने जिच्या डोक्यावर फोडलं, ती तर त्याच वेळी परक्यांच्या पोरांना सलाइन लावत उभी होती.

ट्रकवाला केस कापायला आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. बाकावर माणसं वाट बघत होती, भागीदार दुसऱ्या खुर्चीशी दाढी करत होता. रेडिओने कापड बांधलं, पाणी मारलं, कंगवा फिरवला. बोलला काहीच नाही.

"काय रे, आज स्टेशन लागत नाही का?" ट्रकवाला म्हणाला.

"ते बालवाडीतलं," रेडिओ म्हणाला. "मुंगीने केली ती नक्कल माझी होती. तिच्या आईची नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो. घरी जाऊन सांग तुझ्या बायकोला."

भागीदाराचा वस्तरा थांबला. बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. रस्त्यावरची सायकलची घंटी आत येऊन गेली. आरशात ट्रकवाल्याचा चेहरा आधी हसायला निघाला, मग बेत बदलून गंभीर झाला.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो." आणि जरा वेळाने, "कानाजवळ कमी काप रे."

घरी बायकोला त्याने हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, "ठीक," म्हणाली, आणि कपडे बदलायला गेली. त्याला माफी मिळाली की नाही, त्याला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पण सुट्टीच्या दिवशी तिने स्वतःहून मटारची पिशवी तिघांच्या मध्ये ओतली आणि मुंगीला विचारलं, कुठल्या शेंगेत जास्त दाणे असतील, ते आधी ओळखून दाखव. मुंगीने सर्वांत लठ्ठ शेंग निवडली. ती निघाली पोकळ. आई आणि लेक हसत सुटल्या. रेडिओही हसला, पण जरा मागे राहून, पाहुण्यासारखा.

मुंगी आता बोलते. पहिलीत जाईपर्यंत तिच्या गोष्टींना शेपटं फुटली, शेपटांना फाटे फुटले. दुकानात आली की बाकावर बसून गिऱ्हाइकांना प्रश्न विचारते: टक्कल पडतं तेव्हा केस कुठे जातात, झाडांना कापून घेताना दुखतं का. माणसं खूष होतात. "रेडिओचीच लेक शोभते!" म्हणतात. "बापाचीच जीभ आलीये!"

पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर तो फुलून गेला असता. आता तो नुसता "हं" म्हणतो आणि कंगवा धुवायला वळतो. तिची जीभ कुणामुळे उशिरा सुटली हे त्याला ठाऊक आहे, आणि भर दुकानात कुणी कौतुक केलं की ते ठाऊक असणं मानेवर पडलेल्या केसांसारखं टोचत राहतं. संध्याकाळ व्हायला लागली की तो गोष्ट अर्धी सोडून कात्री ठेवतो. "पुढे काय झालं रे?" गिऱ्हाईक ओरडतं. "भागीदाराला विचारा," तो म्हणतो आणि झपाझप शाळेकडे निघतो, फाटक उघडायच्या आत पोचायला.