ओढ्यापलीकडची दफनभूमी

तर काल सांगत होतो तसं, दोना एर्मेलिंदा, म्हणजे आमची एर्मेलिंदाबाई, शेजारच्या वार्जेम आल्ता गावच्या नगरपालिकेत बाकावर बसली होती. सकाळपासूनची तिसरी खेप. पहिल्यांदा डॉक्टरचा कागद राहिला, दुसऱ्यांदा कारकून जेवायला गेलेला.

बाई जन्मभर आमच्या पेद्रा मांसा गावात लोकांचे कपडे धुवायची. नवरा लेओन्सिओ मात्र पुढारी. बासष्ट साली वार्जेम आल्तापासून फुटून आमची वेगळी नगरपालिका व्हावी म्हणून यानं दारोदार फिरून मतं मिळवली. जिंकलो! फटाके उडाले, बाईनं चौकात कॉफी वाटली. हद्द ओढ्याची ठरली. आपली दफनभूमी ओढ्यापलीकडे आहे, हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नाही! जिवंत माणसं मोजली, मेलेली विसरलो. तेव्हापासून आमच्यात कुणी गेलं की पुरायची परवानगी त्यांच्याकडून.

आता लेओन्सिओच गेला होता. घरी मेणबत्त्या जळत होत्या. लहानपणी गेलेल्या लेकीशेजारी त्याला दिवस मावळायच्या आत ठेवायचं, एवढंच बाईला हवं होतं.

कारकून कागद उलटसुलट करत म्हणाला, "काय हो दोना, तुमच्या साहेबांना आमच्यात नांदायचं नव्हतं ना? मग आता आमचीच माती गोड लागली?"

बाई बाकावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाबा, वेगळं व्हायचं मत त्यांनी जिवंतपणी दिलं होतं. मेल्यावर त्यांचं काही म्हणणं नाही. माझंही नाही, पाय फार दुखतात. शिक्का मार."