किल्लीचे पैसे

थामीच्या उजव्या हाताला मी लहानपणापासून ओळखतो. त्याची पहिली थप्पड मीच खाल्ली, मशिदीच्या शाळेत, एका लाकडी पाटीवरून. पुढे त्याच हाताने फेझच्या जुन्या शहरातल्या सगळ्यात देखण्या पिवळ्या सपाता शिवल्या आणि त्याच हाताने निम्म्या बाजाराचे दात हलवले. दोन्ही कामं तो सारखंच मन लावून करायचा.

मी जिलाली, सपातांच्या बाजारातला दलाल. दुपारचा नमाज झाला की कारागिरांचे जोड खांद्यावर टाकायचे आणि दुकानादुकानांतून ओरडत पळायचं, "एकशे ऐंशी! एकशे नव्वद कोण म्हणतं?" शेवटची बोली कारागिराच्या कानात सांगायची. पटली तर सौदा. नाही पटली तर त्याने एवढंच म्हणायचं, "अल्लाह उघडेल." म्हणजे हे दार बंद, दुसरं कुठलं तरी उघडेल. जोड उचलायचे आणि घरी जायचं. यात कोणाचा अपमान नाही, कोणाशी वैर नाही.

हे दोन शब्द थामीच्या तोंडून कधी निघाले नाहीत. बोली कमी आली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि हात आधी चालायचा. कुठे शिकला? बापाकडे. हाज मआतीने त्याला लाकडी साच्याने बडवून बडवून तयार केला. टाका वाकडा गेला की साचा डोक्यात. थामीचा डावा कान अजून चेपलेला आहे. पण बापाचं नाव निघालं की हा पठ्ठ्या उठून उभा राहायचा. सपातेच्या तळावर आतून तो अजूनही बापाचाच शिक्का मारायचा, स्वतःचा नाही. मला तर कधी कधी रागच यायचा. अरे, ज्याने कान फोडला त्याची एवढी पूजा!

मग ते जबड्याचं प्रकरण झालं. एका दुकानदाराने थामीची सपात नाकाशी धरली आणि विचारलं, "बकरीचं कातडं आहे की गाढवाचं?" पुढचं वाक्य तो दोन महिने बोलू शकला नाही. न्यायाधीशाने थामीला या वेळी सोडलं, पण बजावलं, "पुन्हा हात उचललास तर सरळ तुरुंग. मी ऐकूनसुद्धा घेणार नाही."

त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर त्याची बायको रक्किया मला म्हणाली, "जिलालीभाऊ, हा बाजारात गेला की हात उचलणार. मग याला बाजारात जाऊच द्यायचं नाही. वेबसाइट काढू. किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, कोणाचं तोंड बघायला नको."

"आणि माझी दलाली?"

"तुझी दलाली घाल चुलीत. माझा नवरा तुरुंगात चाललाय."

मी दलालीचा विषय सोडला.

रक्कियाची भिशी लागली, तेच वेबसाइटचं बजेट. नव्या शहरातून इब्तिसाम नावाची मुलगी आली. वेबसाइट बनवायचं शिकलेली, बोलायला चटपटीत. कारखान्यात कातड्याच्या ढिगावर बसून, पुदिन्याचा चहा पीत तिने एकेक खर्च सांगितला. पानं बनवण्याचे इतके, फोटोचे इतके, पाठवणीच्या खोक्यांचे इतके. थामी प्रत्येकाला मान डोलावत होता. मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

"आणि हे नावाचं भाडं," ती म्हणाली. "हाज मआतीच्या नावाने जो पत्ता घेऊ, त्याचे दरवर्षी दीडशे दिरहम. पहिल्या वर्षाचे मी धरलेत. पुढच्या पाच वर्षांचे आत्ताच बाजूला काढून ठेवा."

थामीने पेला खाली ठेवला. "भाडं? माझ्या बापाच्या नावाचं भाडं मीच भरू?"

"अहो मअल्लेम," ती उस्तादाला म्हणतात तसं आदराने म्हणाली, "सगळेच भरतात."

"हे बघ पोरी. या जागेची किल्ली, म्हणजे पागडी, माझ्या बापाने एकदाच पैसे मोजून घेतली. मूळ मालकाला महिन्याला चहापाण्यापुरते देतो, तेही तो लाजत घेतो. तो मेला, त्याचा पोरगा मेला, आम्हाला कोणी हलवलं का? फेझमध्ये किल्ली घेतली की घेतली. तुला किल्लीचेच पैसे देतोय मी. चांगले घसघशीत."

"तिथे किल्ली नसते. वर्ष संपलं आणि पैसे भरले नाहीत, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो."

"घेऊन तर बघू दे. हात मोडीन."

"कोणाचे?" इब्तिसाम हसली. "मलाच एक थप्पड द्या आणि मोकळे व्हा."

रक्किया म्हणाली, "थामी, ठेवूया ना बाजूला. दीडशे म्हणजे काय? तुझा एक जोडसुद्धा तीनशेला जातो."

"प्रश्न दीडशेचा नाही!" त्याने इब्तिसामच्या हातातून पेन ओढलं आणि भाड्याच्या ओळीवर अशी काट मारली की कागद फाटला. वाचलेल्या पैशांतून त्याने दारावर भली मोठी पत्र्याची पाटी लावली. बापाचं नाव आणि खाली वेबसाइटचा पत्ता. गल्लीत जेमतेम एक गाढव मावतं, आणि हा पाटी लावतोय. त्या गल्लीत कोण इंटरनेटवरचं गिऱ्हाईक येणार होतं, त्यालाच ठाऊक.

पण खोटं कशाला बोलू, वर्ष सोन्यासारखं गेलं. ब्रसेल्सहून मागणी, ल्योंहून मागणी, तिकडे राहणाऱ्या आपल्याच लोकांच्या लग्नांसाठी मागणी. रक्किया फोन सांभाळायची, हा शिवायचा. वर्षभर थामीने कोणावर हात उचलला नाही. पोट सुटलं त्याचं. एकदा तर मी त्याला मांजराला मासा भरवताना पाहिलं. मी चाटच पडलो.

वर्ष संपत आलं तसे फोनवर फ्रेंचमध्ये निरोप यायला लागले. थामीला फ्रेंच फक्त शिव्यांपुरतं येतं. तरी आकडा त्याला कळला. "बघ, पुन्हा भाडं मागतोय हरामखोर," तो म्हणाला आणि माझ्यासमोर निरोप पुसून टाकला. रक्कियाला सांगितलंही नाही. इब्तिसाम तोवर लग्न होऊन तांजियरला गेली होती.

मग मागण्या थांबल्या. आधी दोघांना वाटलं, रमजान आहे. मग वाटलं, ईद झाली, लोकांचे खिसे रिकामे असतील. उन्हाळ्यात ल्योंहून सुट्टीला आलेली एक बाई पत्ता विचारत विचारत कारखान्यात आली आणि तिने सपातांचा जोड थामीच्या पुढ्यात आपटला. तळ सुटून लोंबत होता. आत शिवण नाही, सगळा डिंक.

"भावाच्या लग्नात घातल्या आणि पाहुण्यांसमोर अनवाणी झाला तो! लाज नाही वाटत, हाज मआतीचं नाव लावता?"

थामीने सपात उलटी केली. आत बापाचा शिक्का होता, मशीनने छापलेला. बाईने फोन उघडून दाखवला. तेच नाव, तोच पत्ता, थामीच्या सपातांचे उचललेले फोटो. पण पैसे जात होते बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात, मक्कीकडे. थामीच्या नावाची मुदत संपताच मक्कीच्या पुतण्याने ते रीतसर पैसे भरून घेतलं होतं.

थामीने कातडं कापायची रापी उचलली आणि अनवाणीच निघाला. रक्किया मागून ओरडत होती, "थामी, न्यायाधीश! थामी, तुरुंग!" रापी भिंतीला घासत तो चालला होता आणि लोक दारं ओढून घेत होते.

मी तेव्हा भर बाजारात, खांद्यावर जोड, तोंडात बोली. मक्कीच्या दुकानासमोर मी दोनशे दहा म्हणालो आणि थामी माझ्या अंगावरून आत घुसला. पहिली लाथ काचेच्या कपाटाला. काच मक्कीच्या कपाळात घुसली. नोकराने आडवा हात घातला, त्याचं नाक थामीच्या डोक्याने फुटलं, मी तो आवाज ऐकला. मग त्याने मक्कीला दाढी धरून गल्ल्यामागून ओढलं, त्याच्याच सपातांच्या ढिगावर पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. रापी कानाखाली टेकली आणि रक्ताचा ओघळ निघाला. पिवळ्या सपातांवर लाल थेंब पडत होते. मी पुढे व्हायला हवं होतं, पण खांद्यावरचे जोड सावरत तिथेच उभा राहिलो.

"कितीला घेतलंस?" थामी म्हणाला. "माझ्या बापाचं नाव कितीला घेतलंस?"

"थामी, लेकरंबाळं आहेत मला..."

"कितीला!"

"दीडशे," मक्की घोगरला. "दीडशे दिरहम. कोणीही घेऊ शकलं असतं, देवाशप्पथ. मोकळं पडलं होतं ते."

थामीचा चेहरा मला दिसत होता. ज्या माणसाचा मी जन्मभर राग पाहिला, त्याच्या तोंडावर एकाएकी काहीच उरलं नाही. एका जोडाचीसुद्धा किंमत नाही. त्याने स्वतःच्या हाताने खोडलेली ओळ. त्याने गुडघा काढला, उठला, रापी गल्ल्यावर ठेवली आणि तोल सावरायला उजवा हात तिथेच टेकवला.

आणि पुतण्याने मागून शटर ओढायची लोखंडी सळई त्या हातावर घातली. एकदा नाही, तीनदा. सुकी लाकडं मोडावीत तसा आवाज झाला. थामीचा डावा हात मोकळा होता, रापी वीतभर अंतरावर होती. त्याने ती उचलली नाही. बापानंतर पहिल्यांदा तो कोणाचा मार खाऊन नुसता उभा राहिला. मी मात्र खांद्यावरचे सगळे जोड पुतण्याच्या तोंडावर फेकले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. बाकी काही सुचलंच नाही.

पोलिसांनी पुतण्यालाही नेलं आणि थामीलाही. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण आरी धरता येणार नाही. वकील म्हणाला, मक्कीने माफीच्या कागदावर सही केली तरच थामी बाहेर, नाहीतर वर्षानुवर्षं आत. मक्की म्हणाला, सही? मेलो तरी नाही.

रक्कियाने एक टिपूस गाळलं नाही. तिने उरलेलं कातडं विकून शिंगवाला मेंढा आणला आणि मला म्हणाली, "सुरी परजून घे."

कोणाच्या उंबऱ्यावर बळीचं रक्त सांडून मागितलं की आमच्याकडे त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याचा वंश बुडतो, असं मक्कीही मानतो आणि मीही. पण त्याने आधी पाहिलं तर तो शटर ओढून घेणार, म्हणून आम्ही मेंढा गाढवावर गोणपाटाखाली घालून त्याच्या दुकानाशी नेला. मक्कीने ओळखलंच. "नको! बाई, नको, इथे नको!" तो शटरकडे धावला. रक्कियाने शटराखाली स्वतःची पाठ लावली. मी मेंढ्याला आडवा पाडला, अल्लाहचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. रक्ताची चिळकांडी थेट आत, मक्कीच्या पांढऱ्या जुब्ब्यावर गेली. मेंढा पाय झाडत होता आणि त्यावरून रक्किया ओरडली, "माझा माणूस आणि माझ्या सासऱ्याचं नाव! दोन्ही दे!"

मक्की मटकन खाली बसला. त्याने दिलं. दोन्ही दिलं.

थामी घरी आला त्या आठवड्यात मक्की कारखान्यात आला, कपाळाला पट्टी, हातात दिलजमाईचा साखरेचा शंकू. चहा झाला. मग तो म्हणाला, "नाव परत केलं, सही केली, माझं देणं फिटलं. आता धंद्याचं बोलतो. या हाताने तू काय शिवणार? नाव मला वीक, रीतसर, भरल्या पैशाने. जिलाली, लाव बोली."

मी रक्कियाकडे पाहिलं. घरात पीठ नव्हतं, हे मला माहीत होतं. "पाच हजार," मी म्हणालो. मक्कीने मान डोलावली. दहा. पंधरा. वीस हजारांवर तो थांबला. मी उठून थामीच्या चेपलेल्या कानाशी वाकलो, रिवाजाप्रमाणे, आणि आकडा सांगितला.

प्लास्टरमधली त्याची बोटं हलली. मी पटकन मागे सरकलो, सवयच ती.

"अल्लाह उघडेल," थामी म्हणाला.

इतक्या हळू, की मक्कीने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने सांगितलं, कारण तेच माझं काम. मक्कीने जोडे घातले, सलाम केला आणि गेला.

रक्कियाने स्वतःच शिवायला थामीची आरी उचलून मेणाचा दोरा ओवला आणि चोळीतून दुमडलेल्या नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "नावाचं भाडं, पुढच्या वर्षाचं. आत्ता जा. तांजियरला फोन लाव, त्या पोरीला विचार कुठे भरायचं."

मी दारात पोचलो तर मागून थामी गुरकावला, "पावती घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."