टोरांटोला निघालेली पांढरी साडी

पार्सल हातातून सोडणं काकूंना कधी जमलंच नाही. पिकअपवाला भैया दारात उभा असे, त्याचं स्कॅन करून झालेलं असे, आणि काकूंनी मात्र पाकिटाचं एक टोक घट्ट धरलेलं असे. ‘भैया, सँभालके हाँ,’ असं दोनतीनदा बजावल्यावर बोटं सैल व्हायची. मग गॅलरीत जाऊन त्याची मोटरसायकल आलमबागच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहायच्या.

काकू मूळच्या अकोल्याच्या. काका टेलिफोन खात्यात होते, बदली होऊन लखनऊला आले आणि इथलेच झाले. काका गेल्यावर काकूंनी चिकनच्या भरतकामाच्या साड्या आणि कुर्ते परदेशातल्या लोकांना ऑनलाइन विकायला घेतले. माझे मिस्टर फौजेत, आम्ही छावणीत राहायचो. भीमजयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली. मला कॉम्प्युटरवरचं काम येतं हे कळल्यावर बुकिंगचं काम माझ्याकडे आलं. एका वेबसाइटवर पत्ता आणि वजन टाकलं की निरनिराळ्या कुरियरचे दर दिसत. त्यातलं एक निवडायचं, कस्टमचे कागद घरीच छापायचे. मला ते सोपं वाटे. काकूंना त्यातलं काहीच सोपं वाटत नसे.

याला कारण होतं. अकोल्याहून येताना सामानातली एक ट्रंक वाटेत हरवली होती. तिच्यात त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो होता. तो गेला तो गेलाच. ‘पार्सल जातं गं, जीव इथंच अडकून राहतो,’ असं त्या म्हणत. पार्सल विमानात असलं की त्यांच्या भाजीत मीठ तरी नसे, नाहीतर दुप्पट असे. त्यांची मुलगी प्रज्ञा बँकेत होती. ती ताट सारून हसत म्हणायची, ‘मम्मी, आज कौन सा देश है?’

एकदा टोरांटोहून फोन आला. मूळचं नागपूरचं बौद्ध कुटुंब, मुलीचा मंगल परिणय तिकडेच ठरला होता. विधीसाठी पांढरी साडी हवी होती, आणि ती लखनऊच्या कामाची असावी अशी मुलीची इच्छा. काकूंसाठी भरतकाम करणाऱ्या शबाना आपांनी कित्येक महिने बसून ती काढली. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याची पानं, उजेडात धरली की दिसणारी.

कागद भरताना माझं आणि काकूंचं वाजलं. मालाचं वर्णन साधं लिहा, अशी वेबसाइटवर सूचना होती. मी ‘भरतकामाची सुती साडी’ लिहिलं. काकूंनी ते खोडायला लावलं. ‘शबानाचे डोळे गेलेत त्यात. कामाचं नाव लिही. चिकन साडी लिही,’ म्हणाल्या. मी तसं लिहिलं.

पार्सल कॅनडात उतरलं आणि कस्टममध्ये अडकलं. स्क्रीनवर रोज तेच वाक्य. चॅटवर विचारावं तर तपास चालू आहे, एवढंच उत्तर. लग्न जवळ येत चाललं. मुलीच्या आईचे फोन आधी दिवसाआड येत, मग सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. काकूंनी जेवण जवळजवळ सोडलं. शेवटी कुरियरच्या एका बाईने नीट चौकशी करून सांगितलं: ‘चिकन’ हा शब्द वाचून तिकडे कुणीतरी पार्सल मांसाच्या तपासणीत टाकलंय, आता नवे कागद देऊनही सुटायला वेळ लागेल.

आम्हाला कुणालाच हसू आलं नाही. काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘म्या लिहायला लावलं.’

तेवढ्यात प्रज्ञा उठली. तिच्या स्वतःच्या लग्नासाठी काकूंनी शबाना आपांकडून तसलीच एक साडी करून ठेवली होती. ती कपाटातून काढून तिने आईच्या मांडीवर ठेवली. ‘ये भेज दो,’ म्हणाली. काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्या साडीला हात लावायलाही त्या तयार नव्हत्या. प्रज्ञा खाली बसली आणि अडखळत मराठीत म्हणाली, ‘आई, माझं लग्न तर ठरलं पण नाही. तिचं लग्न थांबणार नाही ना.’

काकूंनी शेवटी मांडीवरच्या त्या साडीचा काठ चाचपला. मग मला म्हणाल्या, ‘लिही. साडी. नुसतं साडी लिही.’

दुसरी साडी लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचली. वंदनेच्या वेळी त्या लोकांनी व्हिडिओ कॉल लावला. मुलगी पांढऱ्या साडीत हात जोडून बसली होती. काकूंनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा प्रज्ञाकडे, आणि प्रज्ञाचा हात हातात घेऊन बसल्या. सगळं पार पडेपर्यंत सोडला नाही.

कस्टमने परत पाठवलेली पहिली साडी टोरांटोहून आली तेव्हा आमच्या बदलीचा हुकूम आला होता. मी निरोप घ्यायला गेले होते. भैयाने पार्सल दिलं. त्याच्यावर ठिकठिकाणच्या तपासणीच्या पट्ट्या होत्या, कडेने कापून पुन्हा चिकटवलेलं होतं. काकूंनी ते मांडीवर घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. चहा गार झाला. आत साडी कशी असेल या धास्तीने मलाच राहवेना. उघडा ना काकू, म्हटलं.

त्यांनी पाकिटावरून हात फिरवला. ‘उघडते. जरा टेकू दे तिला,’ म्हणाल्या, ‘लय दुरून आली.’