ओके नको, नावं सांगा

"मॅडम, ओके," गजानन फोनवर म्हणाला. माझा हात स्विचपासून वीतभर अलीकडेच थांबला.

नागपुरातल्या एका सबस्टेशनवर मी ऑपरेटर होते. कळमन्याकडे जाणारी लाईन सकाळपासून बंद होती. गजाननची तिघांची गँग खांबावर काम करत होती. लाईन बंद ठेवायची परवानगी, म्हणजे परमिट, त्याच्या नावावर. त्यानं ते परत दिल्याशिवाय मी करंट सोडू शकत नव्हते.

आता आमच्या खात्यातलं ओके. ओके म्हणजे ऐकलं, ओके म्हणजे बघतो, ओके म्हणजे पटलं नाही पण भांडत नाही, ओके म्हणजे ठेवा आता फोन. कधीकधी काम झालं, असाही अर्थ असतो. म्हणून माझा नियम होता. फोन स्पीकरवर टाकायचा आणि खांबावर चढलेल्या प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगून 'खाली आहो' म्हणायचं. मगच स्विच. लाईनमन मला हेडमास्तरीण म्हणायचे. खुशाल म्हणा.

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर साहेब आले. कळमन्याच्या मार्केटमधल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी त्यांना भंडावून सोडलं होतं.

"काहून थांबून राहिल्या मॅडम? त्यानं ओके दिलं ना?"

"दिलं. नावं बाकी आहेत."

"लोकाइचा माल सडून राहिला, अन् तुम्ही हजेरी घेता?"

"हो, साहेब."

त्यांनी फोन कट केला. मी गजाननला म्हटलं, "बोल."

"गजानन, खाली आहो."

"सुरेश, खाली आहो."

मग नुसताच रस्त्यावरचा आवाज.

"रामदास कुठाय?" मी विचारलं.

"इथंच तर होता..." गजाननचा आवाज एकदम बदलला. "मॅडम, चालू नका करू. वर हाये तो."

गजानन खोटं बोलला नव्हता. त्यानं ओके दिलं तेव्हा रामदास खालीच होता. पण पक्कड वर राहिली म्हणून कोणाला न सांगता तो परत चढला. मी हात मागे घेतला. खुर्ची ओढून बसले.

थोड्या वेळानं धापा टाकत आवाज आला. "रामदास, खाली आहो. चुकलं, मॅडम."

"पक्कड तुझ्यापेक्षा महाग हाये का गा?" मी चांगलंच झापलं. मग स्विच दाबला.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ओके." त्यातलं कोणतं, ते मी विचारलं नाही. पुढच्या परमिटला मात्र त्यांचा फोन आला तो, "नावं झाली का, मॅडम?" असं विचारतच.