बत्ती न लावणारा गुंडाप्पा

धाराशिवात गाडीला पोचा आला, की माणूस आधी समोरच्याला शिव्या घालतो, मग नशिबाला, आणि दोन्ही घालून झाल्या की गुंडाप्पाकडं जातो. बार्शी रोडला लिंबाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं शेड आहे. आत सामान काय, तर वेगवेगळ्या तोंडांच्या हातोड्या, पत्र्याच्या मागून टेकू द्यायला लोखंडी ठोकळे, चिंचोळ्या फटीत घालायचे वाकडे चमचे, आणि एक बॉडी-जॅक. पंप दाबला की नळीतून तेल जातं, दांडा पुढं सरकतो आणि चेपलेली गाडी कण्हत कण्हत सरळ होते. एवढ्यावर त्याचं तीस वर्षं चाललंय. डोळे मिटून डावा तळवा पत्र्यावरून फिरवायचा, कुठं उंच, कुठं खोल ते ओळखायचं, आणि टुकटुक करत बसायचं.

पण एक वस्तू त्याच्या शेडात सापडायची नाही. गॅसची बत्ती. दुसरे डेंटर पत्रा ताणला गेला, की बत्तीनं लाल करतात, वर ओलं फडकं मारतात, पत्रा चट्कन आवळतो. गुंडाप्पा तेच काम गार पत्र्यावर करणार. दुप्पट वेळ लागो, गिऱ्हाईक बेजार होवो, बत्ती नाही म्हणजे नाही. लोकांना वाटायचं, काय कारागीर आहे! आगीला हात न लावता पोचा काढतो! "गार पत्र्याचा गुंडाप्पा" म्हणून लांबलांबून गाड्या यायच्या, पार भूमहूनसुद्धा.

अहो, कसली कारागिरी घेऊन बसलात! गडी आगीला भ्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प बसायचा, इतकंच.

आणि भ्यायचा म्हणजे किती? घरात बायको, शिवम्मा, गॅस पेटवायला गेली की हा चप्पल घालून अंगणात. शेगडी पेटल्याचा आवाज आला की मग आत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. हळदकुंकू हा वाहणार, पण निरांजन शिवम्मानं लावायचं. शेडात कुणी विडी काढली, तर एरवी मुंगीला न दुखवणारा हा माणूस अंगावर धावून जायचा. हसायचे लोक. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्याचं मूळ गाव मुरूमच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. घरात अजून दोघं नवराबायको मधूनच कानडीत बोलतात. विशीत तो काम शिकायला सोलापुरात चाँदपाशा उस्तादांकडं राहिला होता. एक दिवस उस्ताद एका कारच्या मागच्या पत्र्याला बत्ती लावत होते आणि गुंडाप्पा पलीकडून ठोकळा धरून बसला होता. पेट्रोलची टाकी काढून भिंतीशी ठेवलेली. रिकामी होती, म्हणून तिच्याकडं कुणी बघितलं नाही. रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा वाईट, हे ठाऊक असलेला उस्तादांसारखा माणूसही त्या दिवशी विसरला. ठिणगी उडाली. गुंडाप्पाला आवाज आठवत नाही. आठवतो तो वास, पेट्रोलचा आणि केसांचा. उस्ताद तीन दिवस दवाखान्यात "पानी, पानी" करत होते. चौथ्या दिवशी ते पण थांबलं.

तेव्हापासून त्याचं नाक बिघडलं. पेट्रोलचा वास कुठंही यायचा. चहात यायचा, धुतलेल्या धोतरात यायचा, देवळात तीर्थ घेताना यायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा पाणी हुंगून प्यायचा.

गरम काम आलंच, तर शेजारच्या महारुद्राकडं धाडायचं, हे ठरलेलं. महारुद्र वेल्डर. बत्ती त्याच्या हातात लेखणीसारखी चालते. तोंडानं फटकळ, पण गुंडाप्पाची मूठ त्यानं कधी उघडली नाही.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. शिवम्मा तेरला बहिणीकडं गेली होती. दुपारी गुंडाप्पा एका मडगार्डवर ठोकत बसलेला, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी आवाज.

"गुंडाप्पा डेंटर का? तेर रोडला काळीपिवळी जीपला उसाच्या टरॉलीनं उडवलंय. बाकीचे निघाले, तुमची बाई आत अडकलीय. पाय चेपलाय. तिनंच नंबर दिला. जल्दी या, आन् गॅस कटरवाला घेऊन या."

हातोडी हातातनं कधी पडली ते कळलं नाही. चालू फोन हातात धरून पळत महारुद्राच्या दारात गेला. नुसता हात हलवत राहिला. महारुद्रानं फोन हिसकून घेतला, ऐकलं, आणि पिकअपमध्ये दोन्ही सिलिंडर चढवले. गुंडाप्पानं बॉडी-जॅक, साखळी आणि लाकडी ठोकळे टाकले.

तो रस्ता! पाठीशी सिलिंडर एकमेकांवर आपटतायत, खड्डा आला की ठण्ण करतायत, आणि पुढं शिवम्मा. मागं बघावं तर भीती, पुढं बघावं तर भीती. जीव मुठीत धरून बसला होता बिचारा. "देवा, तिला ठेव, मला ने," एवढंच तोंडात.

जीप रस्त्याखाली उतरून बाभळीला टेकली होती. डावी बाजू आत गेलेली, दार आणि पुढचा पत्रा जबड्यासारखा मिटलेला, आणि त्या जबड्यात शिवम्माचा पाय. तोंड पांढरंफटक. ड्रायव्हरचं डोकं फुटलं होतं, त्याला कुणीतरी आधीच दवाखान्यात नेलं होतं. भोवती ही गर्दी. शिवम्मानं नवऱ्याला बघितलं आणि कानडी बायका नवऱ्याला मारतात तशी हाक मारली, "रीऽ..."

महारुद्रानं नळ्या ओढल्या, चष्मा लावला, खाली बसला. "आण्णा, बाजूला व्हा. हा दाराचा खांब इथं कापला की पाय सुटतोय. विडी वढून हुईस्तोवर मोकळं करतो."

तो लायटर काढणार, तोच गुंडाप्पाच्या नाकात वास शिरला. पेट्रोल.

"थांब!" तो ओरडला. "पेट्रोल हाय!"

"कुठलं पेट्रोल? डिझेलची गाडी हाय ही," गर्दीतला एक जण म्हणाला. "डिझेल असं भडकत न्हाय."

"ही काळीपिवळीवाले गावाकडच्या लोकांना कॅन भरून पेट्रोल आणून देत्यात," गुंडाप्पा म्हणाला. "एखादा फुटला असंल."

हे काही खोटं नव्हतं. आणतात खरे. दोघातिघांनी वाकून हुंगलं. महारुद्रानं जवळजवळ डोकंच आत घातलं. मग उठला आणि गुंडाप्पाच्या कानाशी येऊन हळू बोलला, "आण्णा, वास न्हाय. तुमाला चहात बी येतो. आज नगा तसं करू. वहिनीचं रगत चाललंय."

आता सांगा, काय करावं त्या माणसानं? वास तर येतोय. एवढा, की घसा जळतोय. पण तो वास गाडीतला की तीस वर्षांपूर्वीचा? स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवावा तर बायकोचा पाय जातो. महारुद्रावर ठेवावा आणि खरंच कॅन असला तर? डोळ्यांपुढं उस्ताद. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा मागं लागतो, ऐन वेळेला.

"बत्ती लागणार न्हाय," तो म्हणाला. "माझी बायकू हाय. म्या जॅकनं काढतो."

महारुद्रानं एक घाणेरडी शिवी हासडली, पण लायटर खिशात घातला.

आणि मग सुरू झालं ते मरण. जॅकचं एक टोक खांबाला, एक दाराला. जॅकखाली दिलेला टेकू मातीत धसायचा. लाकूड घालावं तर घसरायचं. पंप दाबला की पत्रा बोटभर उघडायचा, टेकू निसटला की परत मिटायचा, आणि शिवम्मा अशी किंचाळायची की गर्दीतले बाप्येसुद्धा तोंड फिरवायचे. गुंडाप्पाचे हात घामानं निसटत होते. तो पंप दाबत होता आणि मोठ्यानं रडत होता. लाज वगैरे काही उरली नव्हती. एकदा तर शिवम्मा ओरडली, "कापा वो! काय बी करा, पर कापा!" त्यानं ऐकलं आणि पंप दाबत राहिला. महारुद्र न सांगता खाली बसला, पाठ लावून टेकू धरला. शेवटी टेकूला साखळी घालून ती बाभळीला आवळली, तेव्हा कुठं टेकू ठरला आणि तो जबडा उघडला. शिवम्माची शुद्ध तोवर गेली होती.

जिवंत राहिली. पण पायाचा पुढला पंजा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, फार वेळ दाबून राहिला. लवकर सुटला असता तर वाचला असता का, असं गुंडाप्पानं विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित. त्या "कदाचित"नं त्याची झोप उडाली.

इकडं गावात काय? तर उलटंच. "काय डोकं लावलं गुंडाप्पानं! पेट्रोलचा नुसता संशय आला, तर आग लावू दिली न्हाय. दुसरा असता तर सगळ्यांचा कोळसा झाला असता!" चहाच्या टपरीवर लोक त्याची पाठ थोपटायचे. त्याला ते हात चटक्यासारखे लागायचे.

जीप चौकीच्या आवारात आणून टाकली होती. गुंडाप्पा तिथं गेला. हवालदाराला विनवून आत शिरला आणि शोधायला लागला. हा माणूस पेट्रोल शोधत होता, कळतंय का तुम्हाला? जन्मभर ज्याच्या वासानं पळाला, ते सापडावं म्हणून देवाला हात जोडत होता. एक फुटका कॅन, एक बाटली, एक ओला बोळा तरी. सीटा उपसल्या, पायपुसणी उलटी केली. शेंगांचं गाठोडं निघालं, लहान लेकराची एक चप्पल निघाली, चेपलेला जेवणाचा डबा निघाला. मग ड्रायव्हरच्या घरी गेला. डोक्याला पट्टी बांधून तो बाजेवर पडला होता.

"पेट्रोल?" ड्रायव्हर म्हणाला. "न्हाय वो काका. दुसरे आणत्यात, म्या न्हाय. पाशिंजर बसवायचं आन् पेट्रोल ठेवायचं, मला भ्या वाटतं."

गुंडाप्पा तिथून दवाखान्यात आला. शिवम्मा उशीला टेकून बसली होती, चादरीखाली एक पाय आखूड. तो स्टुलावर बसला. सांगायचं नाही असं ठरवून आला होता. सगळं गाव आपल्याला शहाणा म्हणतंय, तिलाही म्हणू दे. पण तिच्याकडं बघितलं आणि धीर सुटला.

"गाडीत काय बी नव्हतं, शिवम्मा. थेंब न्हाय. म्हारुद्राचं खरं व्हतं. म्या भ्यालो. तुझा पाय माझ्या भ्यानं गेला."

शिवम्मानं तोंड खिडकीकडं फिरवलं. गुंडाप्पाला वाटलं, आता ही जन्मात आपल्याशी बोलणार नाही, आणि त्यात तिचं काय चुकलं?

"म्या वरडले, कापा म्हणून," ती म्हणाली. "तुमी ऐकलं न्हाय."

"व्हय."

"लई राग आला मला. अजून हाय. ऱ्हाईल बी." तिनं चादर नीट केली. "पर माझं झालं ते झालं. हितं कुठं गाडी चेपली की लोक तुमालाच फोन लावत्यात. पुढल्या खेपंला आत दुसऱ्याची बायकू असंल. तिला काय सांगणार तुमी?"

गुंडाप्पा स्टुलावरनं उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महारुद्राच्या दारात उभा. "शिकव," एवढंच म्हणाला. महारुद्रानं चेष्टा केली नाही. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच चेष्टेची संधी सोडली असेल. त्यानं एक भंगारातलं मडगार्ड आणून ठेवलं, गुंडाप्पाच्या डोळ्याला चष्मा चढवला, हातात बत्ती दिली, गॅसच्या दोन्ही चाव्या दाखवल्या, आणि लायटर पुढं धरला.

फट्कन जाळ झाला. गुंडाप्पाच्या तोंडातनं बारीक किंकाळी निघाली. तो मडगार्डाशेजारी जमिनीवरच बसला. बत्ती हातात तशीच, जाळ इकडं तिकडं हलतोय, डोळ्यांतनं पाणी चष्म्याखाली साचतंय. महारुद्र पटकन वाकला आणि चावीवर बोटं ठेवली.

"बंद करू का, आण्णा?"

"नगं," गुंडाप्पा म्हणाला. "लई भ्या वाटतंय. पर चालू ऱ्हाऊ दे."