धुळीपासून जपायचं ते

वणीत आमच्या घरासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेल्या ओट्यावरून दुपारी बोट फिरवलं की काळं होतं. शेजारच्या काकूंकडे मात्र एकही वस्तू उघडी दिसायची नाही. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळ्यांना जुन्या साड्यांची कवरं. कवर घातलं की काकू त्याच्या बंदांची गाठ मारत आणि दोनदा ओढून बघत. त्यांच्या लग्नातला मिक्सर अजून चालतो.

"वस्तू वापरून मरत नाई बाबू, धुळीनं मरते," त्या म्हणायच्या. मला हसू यायचं. तरी माझ्या मोटरसायकलला त्यांनीच शिवलेलं कवर मी रोज घालायचो.

काका त्याच रस्त्यावर कोळशाचा ट्रक चालवत. त्यांचा खोकला आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. काकू निघताना तोंडाला बांधायला रुमाल द्यायच्या, काका तो खिशात कोंबायचे. मागच्या हिवाळ्यात काका गेले.

पुढे एका सकाळी मी कामावर निघताना गाडीच्या कवराची घडी घालत होतो. काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी झाकतं, न् तोंड काहून उघडं ठेवतं?"

त्यांच्या हातात बंद लावलेला दुहेरी रुमाल होता. निळ्या चौकड्यांचं ते कापड मी ओळखलं. काकांचा सदरा होता तो.

त्यांनी तो माझ्या नाकातोंडावर बांधला, मागे गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली.