एकाच गाडीच्या तीन पूजा

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग त्या मॅनेजरचा नव्याने राग येतो. खून, दरोडे, दंगलीचे बंदोबस्त सगळं पाहून मी निवृत्त झालो. पण लग्नाकार्यात चार माणसं भोवती जमली की फर्माईश एकच असते, "साहेब, ती गाडीची भानगड सांगा." नावं कोणाचीच सांगणार नाही. शोरूमचं तर नाहीच, त्यांची फुकट जाहिरात कशाला करू?

तेव्हा मी हैदराबाद शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दसरा होऊन तीन आठवडे होत आले होते. सकाळची हजेरी आटोपून मी ड्युट्या वाटून देत होतो, तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई थेट माझ्या खोलीत आल्या. नल्लकुंट्याला राहणाऱ्या, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी बसा म्हणायच्या आत बसल्या.

"माझी गाडी चोरीला गेली आहे," त्या म्हणाल्या.

मी राइटरला, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या शिपायाला, खूण केली. "कुठून गेली?"

"शोरूममधून."

"शोरूममध्ये कशाला ठेवली होती?"

"ठेवली नव्हती. ती मला अजून मिळालीच नाही."

राइटरने पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, "बाई, जी गाडी मिळालीच नाही ती चोरीला कशी जाईल?"

"मी पूजा केली आहे तिची. हा बघा फोटो." फोटोत बाई होत्या, पांढरीशुभ्र गाडी होती, झेंडूचा हार होता आणि शोरूमवाले हातात देतात ती पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली होती. खरी किल्ली मात्र बाईंना मिळाली नव्हती. पूर्ण पैसे भरून दसऱ्याच्या मुहूर्तावर पूजा झाली आणि सेल्समन म्हणाला, "मॅडम, नंबर येईपर्यंत गाडी बाहेर काढता येत नाही, नियम आहे. दोन दिवसांत घरपोच." त्यानंतर रोज नवं कारण. कधी नंबर यायचाय, कधी सर्व्हर बंद, कधी सही करणारा साहेब तिरुपतीला गेलाय. शेवटी आदल्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, ती गाडी विसरा, वरचं मॉडेल घ्या, त्याला सनरूफ आहे."

"सनरूफ घेऊन काय करू? पापड वाळवू?" बाई माझ्यावरच कडाडल्या. जणू ते छप्पर मीच कापलं होतं.

मी त्यांना नीट समजावलं की हा ग्राहक मंचाचा मामला आहे, पोलिसांचा नाही. त्या म्हणाल्या, "तिथला निकाल ऐकायला आमच्यातलं राहणार कोण?" आणि मग आवाज जरा खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. रिक्षात चढता येत नाही, टॅक्सीवाला चाकाची खुर्ची बघितली की निघून जातो. त्यांची थोरली बहीण अंबरपेठेत राहते, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण तिचा खुबा मोडलेला, तीही काठीवर. वर्षभर दोघं फोनवरच बोलतात, आणि झटक्यानंतर यजमानांचं बोलणं फोनवर समजतही नाही. नुसतं "हॅलो, हॅलो" करून दोघं रडतात. बाई या वयात ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. आठ शोरूम पालथी घालून त्यांनी ही एक गाडी निवडली होती, कारण हिची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीची होती. माणूस नुसता सरकला की आत.

"भाऊबीजेला मला ह्यांना वन्संकडे न्यायचंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या भाऊबीजेची खात्री मला कोणी देत असेल तर मी आत्ता घरी जाते."

मी अर्ज घ्यायला सांगितलं आणि हेड कॉन्स्टेबलला घेऊन शोरूम गाठलं.

आमचा हेड कॉन्स्टेबल जुन्या शहरातला, पक्का हैदराबादी. गुन्हेगार त्याला बघून तोंड मिटतात. त्या शोरूममध्ये उलटच झालं. दारातच एका मुलीने अत्तर शिंपडलं, दुसरीने पाण्याची बाटली दिली आणि टाय लावलेला एक सेल्समन हात जोडून विचारता झाला, "सर, बजेट काय आहे?" मी गणवेशात होतो हो! कमरेला पिस्तूल होतं!

मी बाईंच्या गाडीचं विचारलं. तो म्हणाला, "डेफिनेटली, सर." गाडी कुठे आहे? "डेफिनेटली, सर." कधी देणार? "एक मिनिट सर, मॅनेजरसरांना विचारतो." तो काचेच्या केबिनमध्ये गेला, बऱ्याच वेळाने घरात कोणी वारल्यासारखा चेहरा करून बाहेर आला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासाठी मी आत खूप भांडलो." काचेतून मला स्वच्छ दिसत होतं. आत दोघं समोसे खात होते. असं तीनदा झालं. हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साब, ये तो अपनाच धंदा कररैं. एक मीठा बोलता, दूसरा अंदर बैठता." खरंच होतं. चौकशीची आमची जुनी पद्धत या लोकांनी टाय लावून चालवली होती.

हात हलवत परत आलो. दुपारी ठाण्यातला फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "साब, शोरूम के पीछे शेड में एक सफेद गाडी है. उसका बोनट खोलके देखो. मैं कुछ नई बोला." आणि फोन ठेवला. शोरूमच्या आतलाच कोणीतरी होता, हे कळायला पोलीस असायची गरज नव्हती.

दोन पंच घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो. गाडी बाहेरून चकाचक धुतलेली होती. बॉनेट उघडलं आणि सगळे जागीच थबकलो. एका बाजूला हळदीचे पट्टे आणि त्यावर कुंकवाचे ठिपके, आपल्या तेलुगू घरांत उंबऱ्याला लावतात तसे. मधोमध ठसठशीत स्वस्तिक आणि त्याला चिकटलेलं आपट्याचं पान. आणि बॅटरीच्या झाकणावर एका तान्ह्या मुलाच्या हाताचा कुंकवाचा पंजा.

हेड कॉन्स्टेबल डोकं खाजवत म्हणाला, "साब, इंजिन कम, मंदिर ज्यादा दिखरा."

पंचनामा केला आणि सेल्समनला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. गडी बधेना. म्हणे ही डेमोची गाडी, येणारजाणारा श्रद्धेने हळदकुंकू लावतो. आवाज चढवून पाहिला, तर त्याचं स्मित दोन इंच वाढलं. नोकरीत मी मुके आरोपी पुष्कळ बोलते केले, पण या बोलक्याला खरं बोलतं करायचं कसं, तेच कळेना. त्यात त्याने राइटरला विचारलं, "सर, सध्या कोणती गाडी वापरता?" आणि राइटर चक्क सांगू लागला! माझं डोकं फिरलं. म्हटलं थांब लेका, तुझंच औषध तुला पाजतो.

मी त्याला चांगल्या खुर्चीवर बसवलं. चहा दिला. गोड आवाजात म्हणालो, "फक्त पाच मिनिटं हं. वरिष्ठांना विचारून येतो." आतल्या खोलीत जाऊन जेवलो. बाहेर आलो तो चेहरा पाडून. "तुमच्यासाठी खूप भांडलो. पण साहेब ऐकत नाहीत."

"कोणते साहेब, सर?"

"डेफिनेटली," मी म्हणालो आणि पुन्हा आत गेलो.

पुढच्या खेपेला हेड कॉन्स्टेबलने सूत्रं घेतली. त्याने सेल्समनपुढे हात जोडले. "भाई, तुम को जो सादा जबाब होना, वो स्टॉक में नई है. ऊपर का मॉडेल लेलो, उसमें कोर्ट का चक्कर भी आता."

सेल्समन हसला, पण ते हसू अर्ध्यावर अडकलं. मी म्हणालो, "आणि नुसता जबाब देता येणार नाही. त्याबरोबर पंचनामा, जामीन, हमीपत्र, सगळ्या अॅक्सेसरीज घ्याव्याच लागतील. कंपनीचा नियम आहे."

"सर, मी घरी कधी जाणार?"

"दोन दिवसांत. घरपोच."

आणखी चहा आला. आणखी एकदा मी आत जाऊन पेपर वाचून आलो. शेवटी त्याने टाय ओढून सैल केला आणि रडवेला होऊन ओरडला, "सर, नक्को सर! फायनल बोला ना! एकदाच काय ते फायनल बोला!"

"फायनल तो साब के साब बोलेंगे," हेड कॉन्स्टेबल शांतपणे म्हणाला, आणि गडी कोसळला.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. दसऱ्याचा मुहूर्त प्रत्येकाला हवा. त्या मॉडेलच्या पांढऱ्या गाड्यांची नोंदणी तिघांची, आणि हातात आलेली गाडी एकच. मुहूर्त चुकला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून मॅनेजरने शक्कल काढली की पूजा सगळ्यांना द्यायची, गाडी मागाहून बघू. सकाळी दिलसुखनगरच्या एका मेसवाल्याने पूजा केली. हार काढला, गाडी पुसली. दुपारी आमच्या बाई आल्या. संध्याकाळी पुण्याहून इकडे आलेलं कंप्युटरवालं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. प्रत्येकाला तीच पुठ्ठ्याची किल्ली आणि तोच केक. एकाला गाडी दिली की बाकी दोघं बोंब मारणार, म्हणून ती शेडमध्येच दडवून ठेवली होती. बाईंनी बॉनेटखालची हळद बघून विचारलं, तेव्हा या पठ्ठ्याने सांगितलं होतं की शोरूमतर्फे आधीच मंगल करून ठेवतो. बाईंना ते फार आवडलं होतं.

"बाहेरचं पुसलंस, मग आतलं का नाही पुसलं?" मी विचारलं. "मॅनेजरने सांगितलं नव्हतं?"

"दोनदा सांगितलं, सर. फडकं पण दिलं." तो खाली बघत होता. "पण देवाचं कसं पुसू सर? ते पुसलं असतं तर गाडी कुणालाच लाभली नसती."

दिवसभर तोंडाला येईल ते खोटं बोलणारा हा माणूस, पण कुंकवावर फडकं फिरवायला त्याचा हात धजला नाही! मला इतकं हसू आलं की मी चौथ्यांदा आतल्या खोलीत गेलो, या वेळी खरोखरच कारण होतं म्हणून.

मग मॅनेजरला बोलावलं. गुन्हा दाखल होणार म्हटल्यावर दुसऱ्या शाखेतून दोन गाड्या आठवड्याभरात आणून द्यायची लेखी हमी त्याने घाम पुसत दिली. भाऊबीज तर दोन दिवसांवर होती. म्हणजे शेडमधली एक गाडी आधी कोणाला, हा प्रश्न उरलाच. तिन्ही घरांना ठाण्यात बोलावलं, आणि माझ्या खोलीचा मासळी बाजार झाला. मेसवाला म्हणे, पहिली पूजा माझी. पुणेकर म्हणे, "एक्झॅक्टली कोणत्या बेसिसवर फर्स्ट?" मग त्याची बायको त्याच्यावर, बाळ सगळ्यांवर ओरडायला लागलं. बाईंनी टेबलावर हात आपटला. वर्ग शांत झाला. आणि मला सांगितलं होतं तेच त्यांनी त्या सगळ्यांना सांगितलं, रडगाणं न लावता, धडा शिकवावा तसं.

मेसवाल्याने मिशीला पीळ दिला. मग म्हणाला, "अक्का, आप ले लो. मेरा क्या है, तांदूळ-भाजी ऑटो में भी आतीच." पुणेकराच्या बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "हो हो, ऑफ कोर्स. आम्ही थांबतो." सगळ्यांची तडजोड झाली, शोरूमच्या मालकाने येऊन तिघांची माफी मागितली आणि आमच्या फाइलवर शेरा पडला, 'प्रकरण समजुतीने मिटले.'

त्या सेल्समनने तिन्ही घरांना बजेट विचारलं होतं, रंग विचारला होता, हप्ते किती हवेत ते विचारलं होतं. गाडी घेऊन कुठे जायचंय, हे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. तेव्हापासून नव्या पोलिसांना मी हेच सांगत आलो, की फिर्यादी आला की काय गेलं हे विचाराच, पण ते कशासाठी हवं होतं हेही विचारा. कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न नाही, पण निम्मी प्रकरणं त्यानेच सुटतात.

भाऊबीजेच्या सकाळी मी जीप अंबरपेठेत घ्यायला लावली. त्या गल्लीत बंदोबस्ताचं काडीचंही काम नव्हतं, ते हेड कॉन्स्टेबललाही ठाऊक होतं. पांढरी गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत आली, मागे स्कूटरवाल्यांचा हॉर्न, आणि बाई स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेल्या. फाटकाशी म्हातारी बहीण काठी टेकून उभी होती, सुनेच्या हातात तबक. गाडीचं दार उघडलं. भाऊ उतरू शकत नव्हता, म्हणून तिने तिथेच, तो सीटवर बसलेला असताना ओवाळलं. मग त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती वाळलास रे!" तो काहीतरी बोलला. मला एक शब्द कळला नाही, पण तिला सगळं कळलं असावं, कारण ती म्हणाली, "हो, हो, मलाही." मी वळून भिंतीवरची शिकवणीची पाटी वाचत उभा राहिलो. डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

इतक्यात म्हातारीने मागचं दार उघडलं आणि बसलीच. "चला, मला तुमच्याकडे यायचंय." भावाने पुढून हात मागे केला, तिने तो धरला. बाईंनी मात्र काच खाली करून मला हाक मारली. गल्ली पुढे बंद होती. "इन्स्पेक्टर, मला रिव्हर्स येत नाही. शिकवणारा म्हणाला, आधी पुढचं पक्कं करा."

बाई मागे नणंदेशेजारी बसल्या आणि मी टोपी काढून स्टिअरिंगवर. गाडी जेमतेम हलली असेल, तोच म्हातारीने मागून माझ्या खांद्यावर काठीने टोचलं. खांद्यावरचे तीन तारे काही तिला दिसले नाहीत.

"ड्रायव्हर, हळू घे रे. माझ्या भावाला धक्का बसेल."

"हो, आजी," मी म्हणालो, आणि हळू घेतली.